आत्यावर गेला

आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे असतो. पोट्टे मुळाक्षरं शिकतात ती माझ्या तोंडून, आणि माझं तोंड म्हणजे काय सांगू, अर्धं नाकात. ‘क’ म्हटला की तो नाकाच्या वाटेने बाहेर पडतो. ‘प’, ‘ट’, ‘ब’, साऱ्यांची तीच तऱ्हा. त्यामुळे दिवाळीपर्यंत माझी अख्खी पहिली नाकात बोलायला लागते आणि दुसरीच्या बाई त्यांना वर्षभर सरळ करत बसतात. मुख्याध्यापक म्हणतात, बाजारात एखादं पोरगं नुसतं ‘पाणीपुरी’ म्हणालं तरी मी ओळखतो, हे तुमच्या हाताखालून गेलेलं आहे.

मला त्याचं आता काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं. शाळेत ‘नाकाने कांदे सोलते’ म्हणणाऱ्या एका पोट्टीच्या डोक्यात मी पाटी घातली होती. पाटी फुटली, डोकं शाबूत राहिलं, आणि घरी मार बसला तो पाटीसाठी. पुढे पाहायला येणारे पाहुणे मी गप्प असेपर्यंत भारी खूश असत. ‘नाव काय बेटा’ विचारलं आणि मी सांगितलं की पोह्यांच्या बशा अर्ध्यातच खाली ठेवत. असे बरेच पोहे वाया गेल्यावर मीच आईला म्हटलं, हा कार्यक्रम आता बंद. नोकरी लागली होती, माझं मला पुरे होतं.

पण सांगायची गोष्ट माझी एकटीची नाही. माझ्या भाच्याची आहे आणि माझ्या आईची आहे. ती आठवली की आजही माझ्याने एका जागी बसवत नाही, पोट्ट्यांना गिरवायला देऊन मी उगाच वर्गात फेऱ्या मारायला लागते.

दारव्ह्याला आमच्या घरात आम्ही चौघं. आई, मी, माझा धाकटा भाऊ आणि वहिनी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ते कोर्टात कारकून होते. भावाचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतो, पण बोलतो इतकं कमी की गिऱ्हाईक भाव विचारतं आणि हा पिशवीवरचा छापील आकडा बोटाने दाखवतो. तरी दुकान चालतं. वहिनी पांढरकवड्याची, हसरी, बडबडी. तिने या घुम्यात काय पाहिलं ते तिलाच ठाऊक. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. हलला तेव्हा पोळा तोंडावर आला होता, आणि आमच्या गल्लीत बैलांच्या आधी आमच्याच घरी पेढे वाटले गेले.

यवतमाळच्या दवाखान्यात लेकराने पहिल्यांदा दूध ओढलं आणि त्यातलं थोडं नाकातून परत आलं. वहिनी घाबरली. मी मात्र मोठ्याने हसले. म्हटलं, “अरे, हा तर माझ्यावर गेला.” कारण लहानपणी माझ्याही नाकातून दूध यायचं, आणि नात्यातल्या प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी ती गोष्ट काढतंच. झालं, तेव्हापासून ‘आत्यावर गेला’ हे सगळ्यांच्या तोंडी बसलं. बारशाला मी त्याच्या कानात कुर्र केलं, नाव ठेवलं, तेव्हा बायका म्हणाल्या, आता तर पक्काच आत्याचा झाला. मला कोण आनंद. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासारखं होतं आणि त्याचं सगळ्यांना कौतुक होतं.

बारशानंतर काही दिवसांतच लेकराला झटके आले. हातपाय ताठ, डोळे वर. भावाने गाडी काढली, यवतमाळ गाठलं, तिथून नागपूर. रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलं होतं. ते भरून काढलं, आणि छातीला नळी लावून ऐकता ऐकता डॉक्टरांच्या लक्षात आलं की हृदयालाही भोक आहे. टाळूही मागच्या बाजूला जुळलेली नव्हती. एवढ्याशा जिवात एवढ्या ठिकाणी काम अर्धवट राहिलेलं. वहिनी म्हणाली, “ताई, याले घडवणाऱ्यानं सुट्टी घेतली होती काय वं मधात?” ती रडत होती आणि हेही बोलत होती. तशीच आहे ती.

दिवाळीच्या सुमारास त्याचा कान वाहायला लागला. नेमक्या त्याच वेळी वहिनीची आई पांढरकवड्याहून नातवाला पाहायला आली. कानाला कापूस लावलेला पाहून ती सहज बोलून गेली, “डोहाळा राह्यला वाटते पोरीचा.”

आमच्याकडे असं म्हणतात. गरोदर बाईला जे खावंसं वाटेल ते मिळालं नाही तर लेकराचा कान फुटतो. वहिनीला भर उन्हाळ्यात टेंभरांचे डोहाळे लागले होते. ज्या झाडाच्या पानांच्या विड्या वळतात त्याचीच ही फळं, पिवळी, चिकट, गोड. पांढरकवड्याकडे जंगलातून टोपल्या भरून येतात. वहिनी लहानपणापासून खात आलेली. भाऊ आणायला निघालाही होता, पण आई म्हणाली, “जंगलातलं कायले खाते, पोट बिघडलं म्हणजे?” भावाने नेहमीसारखी मान हलवली आणि तो दुकानात गेला. मग पाऊस लागला, टेंभरं संपली, आणि आम्ही सगळे विसरलो.

आई विसरली नव्हती. विहीणबाईंनी ते वाक्य टाकलं आणि त्या दिवसापासून माझ्या आईने नातवाला मांडीवर घेणं बंद केलं. त्याचं सगळं करायची. लंगोट धुवायची, दूध कोमट करायची, धुरी द्यायची. पण वहिनीने त्याला पुढे केलं की हात पदराला पुसत उठून जायची. मी एकदा चिडून विचारलं, “काहून घेत नाही तू त्याले? काय विंचू आहे काय तो?” आई म्हणाली, “माझ्या जिभेनं झालं त्याचं. माझा हात नको त्याले.” मी म्हटलं हा वेडेपणा आहे. ती म्हणाली, असेल.

मग तिने जे सांगितलं ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. माझाही कान लहानपणी वाहायचा. मी पोटात असताना आईला भट्टीवरच्या गरम जिलबीचे डोहाळे लागले होते. नवी सून, घरात दहा माणसं, सांगायचं कोणाला? लाजेने तिने तोंडच उघडलं नाही. मी झाले, कान वाहिला, बोलायला लागले ती नाकातून. आजी म्हणाली, “तू तोंड नाही उघडलं म्हणून पोरीचं तोंड बंद झालं.” त्या दिवसापासून आईने जिलबी सोडली. मला वाटायचं तिला आवडत नाही. लग्नाच्या पंगतीत ती आपल्या पानातली जिलबी माझ्या पानात सरकवायची आणि मी खुशाल खायचे. हे ऐकून मला इतका राग आला, इतका राग आला, की कोणावर काढू तेच कळेना. आजीवर काढावा तर ती केव्हाच वर गेलेली.

संक्रांतीच्या आसपास लेकराच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी ऑपरेशनच्या दारापुढे वेळ काढला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांच्यावर ती वेळ न येवो. ऑपरेशन चांगलं झालं. लेकराच्या ओठांवरची निळसर झाक गेली आणि तो भूक लागली की घर डोक्यावर घ्यायला लागला. आमचा जीव भांड्यात पडला. पण तिथल्या डॉक्टरांनी एक रक्त तपासायला पाठवलं होतं. टाळू, हृदय आणि कॅल्शियम, तिन्ही एकाच लेकराच्या वाट्याला आली म्हणजे मुळाशी एकच कारण असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. त्याचा निकाल आला आणि आम्हाला नागपूरला बोलावणं आलं, गुणसूत्रांच्या डॉक्टरांकडे.

आम्ही तिघं गेलो. भाऊ, वहिनी लेकराला घेऊन, आणि मी. डॉक्टर तरुण बाई होत्या, वेणी घातलेल्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी आधी विचारपूस केली. “घरात अजून कोणाला असा त्रास आहे का? दोन्हीकडच्या माणसांत? टाळूचा, कान वाहण्याचा, नाकातून बोलण्याचा?”

वहिनी म्हणाली, “नाही.” भावाने नकारार्थी मान हलवली. आणि मी, घरातली मोठी, शिकलेली, चार माणसांत बोलणारी, पुढे सरसावून म्हणाले, “नाही मॅडम. आमच्या घराण्यात असं कोणालाच नाही.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “ताई, परत एकदा बोलता?”

मला वाटलं ऐकू आलं नाही. मी जोरात सांगितलं, “कोणालाच नाही.”

आता सांगा, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो आणखी काय असतो? चांगले शिकलेसवरलेले तिघं जण शपथेवर सांगत होतो की आमच्यात कोणी नाकात बोलत नाही, आणि सांगणारी नाकात बोलत होती. आमची काही लबाडी नव्हती हो. घरात माझा आवाज म्हणजे माझा आवाज. विहिरीचं पाणी खारं असलं तरी घरच्या माणसाला ते पाणीच वाटतं. रोग, व्यंग हे शब्द दुसऱ्यांच्या घरासाठी असतात. ‘आत्यावर गेला’ असं सगळ्या गावाला पेढ्यांबरोबर सांगत फिरलो, पण ते डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्यानंतर तिथे माझीच परीक्षा सुरू झाली. म्हणा, काकाने काकडी कापली. म्हणा, पोपट पेरू पाडतो. बालभारती घेऊन मला पहिलीत बसवल्यासारखं वाटत होतं. मी म्हणत होते आणि त्या माझ्या नाकाखाली छोटा आरसा धरत होत्या. प्रत्येक ‘प’ला आरशावर वाफ धरत होती. मग टॉर्च घेऊन तोंडात पाहिलं आणि म्हणाल्या, “ताई, तुमची पडजीभ दोन टोकांची आहे. टाळू वरून जुळलेली दिसते, पण आतले स्नायू जुळलेले नाहीत. लहानपणी नाकातून दूध यायचं?” वहिनीच मध्ये बोलली, “प्रत्येक लग्नात तेच तर सांगतात ना सगळे.” आणि तिला हसू फुटलं, मलाही फुटलं, डॉक्टर बाईंनाही आवरेना. वहिनीच्या मांडीवरचा पोरगाही आम्हा तिघींकडे पाहून खिदळायला लागला. नुसता भाऊ गंभीर बसून होता.

मग त्यांनी समजावलं. माणसाच्या शरीरात गुणसूत्रांच्या जोड्या असतात, त्यातल्या बाविसाव्या जोडीत एकाचा इवलासा तुकडा गळलेला आहे. पोटात लेकरू घडत असताना टाळू, हृदय, आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथी, यांचं काम त्या तुकड्याकडे असतं. मला शिकवायची सवय. मी लगेच म्हटलं, म्हणजे पोरगं बावीसचा पाढा म्हणताना मधलीच एक ओळ गाळतं तसं? त्या म्हणाल्या, तसंच. आणि एकाच घरात कोणात जास्त दिसतं, कोणात अगदी कमी. त्याच तुकड्यापायी एकाच्या हृदयाला भोक पडतं आणि दुसरी व्यक्ती नुसती नाकात बोलते, पुढे शिक्षिकाही होते. आईबापाने काय खाल्लं, काय केलं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

माझं आणि भावाचं रक्त घेतलं. काही आठवड्यांनी कळलं, दोघांतही तेच. माझं तर ठरलेलंच होतं, पण भावाचं ऐकून मी चकित झाले. तो कधी नाकात बोलताना मी ऐकला नव्हता. ऐकणार कुठून, बोलतोच कुठे. त्या दिवशी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून आला, माझ्याजवळ बसला आणि आयुष्यात बोलला नसेल इतकं बोलला. म्हणाला, “ताई, लहानपणी लोक तुले काय काय म्हणत ते मी पाहत होतो. माझाही आवाज तसाच निघत होता. म्हणून म्हटलं, आपण बोलायचंच नाही.” मग म्हणाला, “आन् माझे पाय वळायचे ना रात्रीचे, तेही या कॅल्शियमच्या पायीच असन.” मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग मला रडू आलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला वाटत होतं मी एकटीच आहे.

खरं सांगते, मी दुःखी नव्हते. लोकांना हे विचित्र वाटतं. मी भल्ली खूश होते. पंचेचाळीस ओलांडल्यावर मला कळलं होतं की मी अशी का आहे. वर्गात गेले की वाटायचं फळ्यावर बावीसचा आकडा मोठा काढावा आणि पोट्ट्यांना सांगावं, ही पाहा, इथे तुमच्या बाईंची ओळ गळली. शिवाय लेकराची वाट आता माहीत झाली होती. कॅल्शियमवर लक्ष, टाळूचं ऑपरेशन, कानाची तपासणी, बोलणं शिकवणारी बाई. मला जे मिळालं नाही ते सगळं त्याला वेळेवर मिळणार होतं. त्याला पाहुण्यांपुढे गप्प बसावं लागणार नव्हतं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. कागदावर जोड्या काढून दाखवल्या, तुकडा खोडून दाखवला. म्हटलं, पाहा, टेंभरांचा संबंध नाही, जिलबीचा नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हा तुकडा गळला कायच्यानं?” मी म्हटलं, आईबापाकडून येतो. “म्हणजे माझ्याकडूनच आला ना,” ती म्हणाली. “मी तेच म्हणून राह्यली. जिलबी म्हण नाही तर तुकडा म्हण.” मी डोक्याला हात लावला. एवढं शिकवून पोरगं पुन्हा पहिल्या पानावर.

पण तिने रक्त द्यायला मात्र एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. यवतमाळला नेलं तर बांगड्या मागे सारून हात पुढे केला आणि त्या सुई टोचणाऱ्या मुलीला म्हणाली, “घे बाई. माझंच निघीन पाहा.” शिक्षा सुनावून घ्यायला निघालेली माझी आई. घरी आल्यावर तर ती लेकरापासून आणखीच दूर बसायला लागली. वहिनी माझ्याजवळ रडली. म्हणाली, “ताई, आईंच्या रक्तात निघालं ना, तर त्या याले जन्मभर हात नाही लावणार.” मलाही तीच धास्ती होती. निकाल येईपर्यंत फोन वाजला की मी हातातला खडू टाकून धावायचे.

उन्हं तापायला लागली होती. मी प्रशिक्षणासाठी यवतमाळला गेले होते, ते आटोपून दारव्ह्याच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसत होते, तेवढ्यात डॉक्टर बाईंचा फोन आला. “ताई, आईंचा रिपोर्ट आला. त्यांच्यात काहीही नाही. सगळं जागच्या जागी आहे.”

मी म्हटलं, “काय म्हणता?”

“तुमच्या आईत तो तुकडा शाबूत आहे. तुम्हा दोघा भावंडांत गळलेला आहे. म्हणजे तो बहुतेक वडिलांकडून आला असणार. ते नाहीत, त्यामुळे तपासून सांगता येणार नाही, पण तसं मानायला जागा आहे.”

मी फोन ठेवला आणि मला जे हसू सुटलं ते थांबेचना. शेजारी डोक्यावरची टोपली मांडीवर घेऊन बसलेली बाई म्हणाली, “काहून हसून राह्यल्या बाई एकट्याच?” मग काय, मला सांगायला कोणी पाहिजेच होतं. मी सांगितलं. बाविसावी जोडी, तुकडा, टेंभरं, जिलबी, सगळं. जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, त्यामुळे ऐकायचं नसेल त्यालाही ऐकावं लागलं. लाडखेड येईपर्यंत अख्ख्या गाडीला माझं गुणसूत्र पाठ झालं होतं. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, “म्हणजे माउलीचा दोष नाही निघाला?” मी म्हटलं, “नाही बाबाजी.” तो पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाला, “मंग दाब ना बे जरा. तिले सांगाले जायचं हाय.” आणि ड्रायव्हरने खरंच दाबलं. एरवी प्रत्येक फाट्यावर थांबणारा माणूस, त्या दिवशी हात दाखवणाऱ्यांना सोडून निघाला. उतरताना टोपलीवालीने माझ्या हातात मूठभर बोरं ठेवली.

स्टँडपासून घरापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. आधी काय सांगू, मग काय सांगू. आई खोटी ठरली याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

आई अंगणात खाटेवर धोतर अंथरून मुगाच्या वड्या घालत होती. दोन्ही हात पिठाने बरबटलेले. वहिनी लेकराला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, “आई, तुझ्यात काही नाही निघालं. तुझं रक्त चोख आहे. तुझ्याकडून नाही आलं हे. ना मला, ना भावाला, ना याला.”

आईचा हात वडीवरच थांबला. वहिनीने डोळे मिटले आणि उंबऱ्याच्या चौकटीला टेकली. मी आता आई रडेल म्हणून वाट पाहत होते.

आई म्हणाली, “मंग कोणाकडून आलं?”

हे मात्र मी जुळवलं नव्हतं. आनंदाच्या भरात माझ्या लक्षातच आलं नव्हतं की एकीवरचं ओझं उतरवायचं तर ते दुसऱ्या कोणावर तरी जाणार, आणि तो दुसरा म्हणजे भिंतीवर हार घातलेले माझे बाबा. आईने त्यांच्याविरुद्ध कधी एक शब्द ऐकून घेतला नाही. मी चाचरत म्हटलं, “डॉक्टर म्हणतात, बहुतेक बाबांकडून. पण त्यांचा दोष नाही यात, आई. त्यांनाही माहीत नसेल. त्यांनाही कोणाकडून तरी आलं असेल. हे कोणाच्या हातात…”

“यांच्याकडून आलं?”

“हो.”

“म्हणजे हे यांचं हाय? तुमच्यातही? लेकरातही?”

“हो, पण ऐक…”

“तू गप बस वं जरा,” आई म्हणाली. ती उठली. मोरीवर जाऊन तिने हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून. मला वाटलं ती आता देवघरात जाईल, दार लावून घेईल. ती पदराला हात पुसत सरळ वहिनीपुढे येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले.

“आण त्याले इकडं.”

वहिनीने लेकराला तिच्या हातात दिलं. आई खाटेच्या कडेला, वड्या सरकवून बसली, त्याला मांडीवर उताणं घेतलं आणि पाहत राहिली. नाक पाहिलं, कान पाहिले, हनुवटी धरून तोंड उघडून आतही पाहिलं. त्याला ही बाई ओळखीची होती, पण एवढ्या जवळून पाहिल्याला कित्येक महिने झाले होते. तोही टुकूटुकू पाहत होता. वहिनीने दुधाची वाटी आणि चमचा आणून शेजारी ठेवला. आईने एक चमचा पाजला. मग आमच्याकडे न पाहताच बोलायला लागली.

“तुमचे बाबा कोणाच्या घरी चहा घेत नव्हते, आठवते काय तुले?”

मला आठवत होतं. कोर्टातला माणूस, कोणाचा मिंधा नको म्हणून चहा घेत नाही, असं गावात म्हणत. आम्हालाही त्याचा अभिमान होता.

“कायचं मिंधं अन् कायचं काय,” आई म्हणाली. “हसले की त्यांच्या नाकातून चहा येत होता. लग्न झालं त्या वर्षी पयल्यांदा झालं माझ्यापुढं. असे शरमले, मले म्हणे, कोणाले सांगशीन नको. मी नाही सांगतलं. आजपावतर नाही सांगतलं.” तिने लेकराला आणखी एक चमचा पाजला. “सकाळचा चहा ते माझ्याजवळ बसून घेत होते, सैपाकघरात, दार लोटून. अन् मी मुद्दाम हसवायची त्यायले.”

एवढं बोलून ती लेकराकडे वाकली, गाल फुगवले आणि त्याच्या तोंडासमोर भुर्रकन आवाज काढला. तो खदखदून हसला आणि त्याच्या नाकातून दूध आलं, तिच्या लुगड्यावर सांडलं. वहिनी पुसायला धावली. आईने तिचा हात बाजूला सारला आणि पुन्हा गाल फुगवले.